ड्रोनचे चित्रण, प्रखर ऊन आणि करडी काच

नवे साधन गावात येते तेव्हा प्रथम त्याचे कौतुक होते, मग त्याची परीक्षा होते आणि त्या परीक्षेस जे उतरते तेच शिवारात टिकते. ड्रोनचे कौतुक आता बहुतेक गावांत होऊन गेले आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी या यंत्रांच्या वापरास निश्चित चौकट दिली. पुढे २०२३ साली केंद्र शासनाने १५,००० महिला स्वयंसहाय्यता गटांना ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर केली. फवारणी, पाहणी आणि चित्रण या तिन्ही कामांसाठी ही यंत्रे शिवारावर फिरू लागली आहेत. आता परीक्षेची वेळ आहे. फवारणीच्या परीक्षेविषयी पुष्कळ बोलले जाते. चित्रणाच्या परीक्षेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

नित्याच्या अनुभवातील एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरलेल्या सोयाबीनचा प्रात्यक्षिक प्लॉट आहे. पावसाने उघडीप दिली आहे आणि लख्ख ऊन पडले आहे. गावपातळीवरील कार्यकर्ता भर दुपारी ड्रोन उडवितो, प्लॉटवरून आडवा-उभा फिरवितो आणि समाधानाने परततो. सायंकाळी समाजमंदिरात पडद्यावर ती चित्रफीत लावली जाते. ओळी पुढे सरकण्याऐवजी उड्या मारतात, पाने चकाकत थरथरतात, मधूनच काळ्या पट्ट्या लवतात. पाच मिनिटांत मंडळी नजर फिरवितात आणि आपसांत बोलू लागतात. सरीतून जादा पाणी कसे निघून गेले, वरंब्यावरील पीक पिवळे का पडले नाही, ही सांगावयाची गोष्ट तशीच राहते. चित्रफीत वाया गेली याचे दुःख थोडे. हंगाम वाया गेला याचे अधिक. त्या अवस्थेतील तो प्लॉट पुन्हा दिसण्यास वर्ष थांबावे लागते.

अशा वेळी दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो. भिंगावर एनडी फिल्टर चढवा, म्हणजे चित्र धारदार येईल, असे तो सांगतो. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. हा फिल्टर म्हणजे एक लहानशी करडी काच असून ती सर्व रंगांचा प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करते. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. अर्धवट सल्ल्याने पिकाचे जसे नुकसान होते, तसे चित्रणाचेही होते. ही काच कोणत्या कामी उपयोगी आणि कोणत्या कामी अपायकारक, हे तिचे कार्य समजल्यावाचून ठरविता येणार नाही.

उजेड आणि पाटाचे पाणी

पिकाला दारे धरणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावयास कठीण नाही. वाफा भरण्यास ठराविक पाणी लागते. दार रुंद असेल तर वाफा लवकर भरतो, अरुंद असेल तर दार अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. भिंगाचे छिद्र म्हणजे दाराची रुंदी, शटर म्हणजे दार उघडे ठेवण्याचा वेळ आणि उजेड म्हणजे पाणी. आयएसओचा आकडा सेन्सरची प्रकाश पकडण्याची तयारी सांगतो. उन्हात तो सर्वांत कमी, म्हणजे बहुधा १०० वर ठेवावयाचा असतो.

लहान ड्रोनच्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा छिद्राची रुंदी बदलता येत नाही. ते कायमचे मोठे असते. छिद्र एफ २.८ आणि आयएसओ १०० असा कॅमेरा स्वच्छ उन्हात धरला, तर योग्य उजेडासाठी शटर सुमारे १/३२०० सेकंदच उघडे राहू शकते. पाटाला पूर आलेला असताना दार क्षणभर उघडून लागलीच मिटावे, तशातला हा प्रकार होय. कॅमेरा स्वयंचलित रीतीवर ठेवला असेल तर तो मुकाट्याने हेच करतो. वाफा नीट भरतो, म्हणजे चित्र उजळ किंवा काळे पडत नाही. त्यामुळे दोष आहे हे जागेवर ध्यानात येत नाही. तो पडद्यावर उघडा पडतो.

चौकटी आणि त्यांमधील अंतर

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे. सेकंदाला २५ चौकटी घेतल्या आणि ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने चालला, तर एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत तो २० सेंटिमीटर पुढे जातो. शटर १/३२०० सेकंदाचे असेल तर या २० सेंटिमीटरांपैकी जेमतेम दीड मिलिमीटरांची हालचाल चित्रात उतरते. बाकी सारी हालचाल हरवते. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे पाहिली तर ती अत्यंत रेखीव असते. परंतु एका चौकटीला दुसरीशी जोडणारे काही उरत नाही. डोळ्याला तुटक उड्या दिसतात.

चित्रपटाच्या जुन्या कॅमेऱ्यांत फिरती अर्धचकती असे. फेऱ्याचा अर्धा वेळ ती फिल्मवर प्रकाश पडू देई आणि अर्धा वेळ अडवी. म्हणून सेकंदाला २४ चौकटी घेतल्या म्हणजे प्रत्येक चौकटीवर सुमारे १/४८ सेकंद प्रकाश पडे. प्रेक्षकांचा डोळा त्याच प्रवाही हालचालीला सरावला. आजही तोच ठोकताळा वापरला जातो. शटरचा वेळ चौकटीच्या वेळेच्या निम्मा असावा. २५ चौकटींसाठी १/५० आणि ५० चौकटींसाठी १/१०० सेकंद. १/५० सेकंदात आपला ड्रोन १० सेंटिमीटर जातो. २० पैकी १० सेंटिमीटरांची हालचाल चित्रात उतरते आणि चौकटी एकमेकींत मिसळू लागतात.

आता अडचण उघड आहे. डोळ्याला १/५० हवे आणि ऊन १/३२०० मागते. उजेड ६४ पट जास्त झाला. छिद्र लहान करता येत नाही, आयएसओ याहून खाली जात नाही. तेव्हा पाटातच फळी घालून पाणी कमी करावे लागते. ती फळी म्हणजे करडी काच. तिच्यावरील आकडा नेमकी हीच गोष्ट सांगतो. २ आकड्याची काच निम्मा उजेड आत सोडते, ४ ची एक चतुर्थांश, ६४ ची चौसष्टावा भाग. शेडनेटचा व्यवहार करणाऱ्यांस हे परिचितच आहे. ५० टक्के सावलीचे काळे जाळे निम्मा प्रकाश रोखते, ७५ टक्क्यांचे तीन चतुर्थांश रोखते. करडी काच हे भिंगावरचे शेडनेटच समजावे.

काच धार देत नाही

दुकानातील वाक्याची दुरुस्ती करावयाची ती येथे. करडी काच चित्राला धार देत नाही. उलट ती प्रत्येक चौकट किंचित पुसट करते आणि त्या पुसटपणामुळेच हालचाल सलग दिसते. संपूर्ण चित्रफीत पाहणाऱ्यास ती स्पष्ट वाटते, कारण त्याच्या डोळ्याला ओळींचा मागोवा घेता येतो. एखादी चौकट थांबवून पाहिली तर तीच पुसट आढळेल. पाहण्यासाठीचे चित्र आणि तपासण्यासाठीचे चित्र या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एकदा मनात ठसले म्हणजे पुढील निर्णय सोपे होतात.

काचेमुळे धार राखली जाते, असे म्हणता येईल ते एकाच प्रकारी. काही कॅमेऱ्यांत छिद्र बदलता येते. तेथे उन्हावर उपाय म्हणून छिद्र एफ ११ पर्यंत बारीक केले जाते. अतिबारीक छिद्रातून जाताना प्रकाशकिरण कडांशी पसरतात आणि लहान सेन्सरवर चित्र मऊ पडते. तेथे छिद्र मध्यम ठेवून उजेड काचेने कमी करणे हे केव्हाही श्रेयस्कर.

याखेरीज काचेचा आणखी एक लाभ आहे. उन्हाची तिरीप फिरत्या पात्यांमधून भिंगावर आली की पात्यांच्या सावल्या चित्रात काळ्या पट्ट्या होऊन लवतात. शटर सावकाश असेल तर त्या विरघळून बऱ्याच फिक्या होतात. परंतु चित्र जेलीसारखे डुचमळत असेल तर दोष बहुधा उन्हाचा नसतो. पाते वाकलेले किंवा टवका उडालेले असते, अथवा कॅमेऱ्याखालील रबरी गाद्या सैल झालेल्या असतात. काच असा दोष काही अंशी झाकते, दूर करीत नाही. पाते बदलण्याऐवजी काच विकत घेणे म्हणजे मूळकुजीवर पानांची फवारणी करण्यासारखे आहे.

कोणत्या उन्हास कोणती काच

छिद्र एफ २.८, आयएसओ १००, सेकंदास २५ चौकटी आणि शटर १/५० धरून पुढील मेळ बसतो.

लख्ख ऊन, सावलीची कड रेखीव: ६४ ची काच.
पातळ ढग किंवा धुरकट हवा, सावलीची कड मऊ: ३२ ची काच.
ढगाळ, सावली जेमतेम: १६ ची काच.
दाट ढग, सावली मुळीच नाही: ८ ची काच.

सेकंदास ५० चौकटी घ्यावयाच्या असतील तर एक पायरी फिकी काच पुरते. भिंगाचे छिद्र एफ १.७ किंवा १.८ असेल तर एक ते दीड पायरी अधिक गडद, म्हणजे लख्ख उन्हात १२८ च्या पुढची काच लागते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत छिद्राचा आकडा दिलेला असतो. तो न पाहता काचांचा संच मागविणे म्हणजे मातीपरीक्षणावाचून खताच्या गोण्या आणणे होय.

येथे मापक म्हणून आपली सावलीच वापरली आहे. तिला बॅटरी लागत नाही आणि ती प्रत्येकाजवळ असते. अंतिम पडताळा मात्र पडद्यावरच घ्यावा. रुपेरी मल्चिंग कागद, शेततळ्याचे अस्तर, पांढरी चुनखडीची जमीन यांवर चित्र लवकर पांढरे पडते. अशा ठिकाणी उजळ भागातील तपशील राहील अशा बेताने काच निवडावी. शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स उड्डाणापूर्वी हाताने पक्के करावेत. स्वयंचलित रीतीत ड्रोन काळ्या रानावरून हिरव्या पिकावर जाताच उजेड आणि रंग दोन्ही मध्येच बदलतात.

दोन काचा एकमेकींवर फिरवून गडदपणा बदलणारा फिल्टरही मिळतो. रुंद दृष्टीच्या भिंगावर त्याने चित्रात असमान काळपट छटा पडण्याचा संभव असतो. चकाकी कमी करणारी पोलरायझर काच ओल्या पानांवर आणि पाण्यावर चांगले काम करते. परंतु तिचा परिणाम सूर्याच्या दिशेवर अवलंबून असतो आणि ड्रोन वळला की तो बदलतो. हवेत ती फिरविता येत नाही. गावकामासाठी साध्या, एकाच आकड्याच्या तीन काचा अधिक भरवशाच्या.

काच वर्ज्य कोठे

आता लेखातील मुख्य मुद्दा. गारपीट, अतिवृष्टी किंवा वादळ यांनंतर पिकाची अवस्था नोंदविण्यासाठी ड्रोन वापरला जातो. तेथे प्रश्न पाहणाऱ्याच्या सुखाचा नसतो. पाने फाटली आहेत काय, कणसे मोडली आहेत काय, किती रोपे आडवी झाली आहेत, हे प्रत्येक स्थिर चित्रात मोजता आले पाहिजे. आधीच्या चित्रणाची ६४ ची काच भिंगावर तशीच राहिली, तर शटर सावकाश होईल किंवा आयएसओ वाढून चित्रात कण माजतील. वाऱ्यावर सेकंदाला १ मीटर वेगाने हलणारे पान १/५० सेकंदात २ सेंटिमीटर सरकते. गारेने पडलेले भोक तेवढ्यात पुसले जाते. पुढे एखादा अधिकारी ते चित्र थांबवून, मोठे करून पाहील आणि त्यास हिरवट धुक्याखेरीज काही आढळणार नाही. शासकीय पंचनाम्याची रीत स्वतंत्र आहे आणि ड्रोनचे चित्र तिची जागा घेत नाही. परंतु शेतकरी आपले म्हणणे मांडण्यास जे चित्र पुढे करतो, तेच पुसट असेल तर त्याचे म्हणणेही पुसट होते. यास्तव नुकसानीच्या नोंदीसाठी काच काढावी, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे आणि चलच्चित्राबरोबर स्थिर छायाचित्रेही घ्यावीत.

नकाशांकनाचे तसेच आहे. छायाचित्रे जोडून शिवाराचा नकाशा करताना, समजा, चित्रातील एक बिंदू जमिनीवरील २ सेंटिमीटर दाखवितो. ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल तर १/५० सेकंदाच्या शटरने चित्र १० सेंटिमीटर, म्हणजे ५ बिंदू पुसट होते. १/१००० सेकंदाने ते केवळ अर्धा सेंटिमीटर, म्हणजे पाव बिंदू. बांधाची कड, नालीचा काठ, रोपांची मोजणी यांत हा फरक लहान नव्हे. येथे प्रखर ऊन शत्रू नसून मित्र आहे. जलद शटरला लागणारा उजेड तेच पुरविते.

पिकाचे आरोग्य पाहणाऱ्या बहुवर्णपटी कॅमेऱ्यावर तर कोणतीही परकी काच चढवूच नये. तो कॅमेरा डोळ्याला न दिसणारा अवरक्ताजवळचा प्रकाशही मोजतो. सामान्य करडी काच दृश्य प्रकाश जितका अडविते तितकाच हा प्रकाश अडवील याचा भरवसा नसतो. मग यंत्राचे मापन बिघडते आणि निरोगी पीक रोगट किंवा रोगट पीक निरोगी ठरते.

रंगाचा खरेपणा

काचेच्या नावात न्यूट्रल म्हणजे तटस्थ हा शब्द आहे. सर्वच काचा त्या नावास जागतात असे नाही. हिरव्या शेडनेटखाली जशी सर्व वस्तूंवर छटा येते, तशी हलक्या प्रतीच्या काचेतून चित्रावर पिवळट, तपकिरी किंवा जांभळट झाक येते. लग्नाच्या चित्रीकरणात ती चालून जाईल. शेतीत रंग हे लक्षण आहे. उसावरील केवडा, नत्राची उणीव, पाणी साचल्याने आलेला पिवळेपणा यांचा पहिला संशय रंगावरूनच येतो. काचेची पिवळी झाक पाहून एखाद्याने खताचा हप्ता वाढविला, तर दोष काचेचा आणि भुर्दंड शेतकऱ्याचा.

यावरील परीक्षा सोपी आहे. नव्या काचेची पहिली पारख पांढऱ्या कागदावर किंवा धुतलेल्या पांढऱ्या कापडावर करावी. व्हाइट बॅलन्स उन्हासाठी सुमारे ५५०० केल्व्हिनवर पक्का करून एकदा काचेविना आणि एकदा काचेसह चित्र घ्यावे. शटरचा वेळ असा ठेवावा की दोन्ही चित्रे सारखीच उजळ येतील. दोहोंतील पांढरा रंग सारखा दिसला तर काच ठेवावी, नाही तर परत करावी. रंगावरून निदान करण्याचे काम शक्यतो काचेविनाच करावे, आणि शेवटी शेतात उतरून पान हातात घेऊन पाहावे. उंचावरून संशय येतो. निदान बांधावरच होते.

काचेआधीचे उपाय

दोष दिसला की वस्तू विकत घेण्याकडे अलीकडे प्रवृत्ती फार वाढली आहे. काच घेण्यापूर्वी बिनखर्ची उपाय करून पाहावेत, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

पहिला उपाय वेगाचा. सोयाबीनच्या ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर असते. ड्रोन ओळींना आडवा, सेकंदाला ५ मीटर वेगाने नेला तर दर चौकटीस ओळ २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंतराने सरकते. ओळ पुढे गेली की मागे आली हेच डोळ्यास उमगत नाही. चित्रपटातील बैलगाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. वेग सेकंदाला दीड मीटर केला तर चौकटीमागे सरकणे केवळ ६ सेंटिमीटर होते आणि थरथर पुष्कळशी आपोआप थांबते. दुसरा उपाय दिशेचा. ड्रोन शक्य तेथे ओळींच्या दिशेने न्यावा, ओळींना आडवा नेऊ नये. तिसरा उपाय उंचीचा. जमिनीलगत हालचाल डोळ्यास वेगवान भासते. थोडे वर गेले की ती शांत होते. चौथा उपाय वेळेचा. सकाळच्या पहिल्या प्रहरात आणि उन्हे कलल्यावर सावल्या लांब पडतात, त्यामुळे सऱ्या, वरंबे आणि समपातळी बांध उठून दिसतात. भर दुपारी जमीन सपाट भासते. नकाशांकनास मात्र आखूड सावलीची दुपारच बरी.

हे चारही उपाय करूनही लख्ख उन्हात चित्रण करणे भाग पडले, आणि ते लोकांना दाखविण्यासाठी असले, तर काच जरूर वापरावी. तेथे तिच्यासारखा दुसरा उपाय नाही.

वापरातील काळजी

काच बसवावयाची ती यंत्र बंद असताना. प्रथम गिंबलवरील वाहतुकीचे आच्छादन काढावे, मग काच हलक्या हाताने बसवावी, नंतर यंत्र सुरू करावे. सुरू यंत्रावर काच दाबून बसविल्यास गिंबलच्या लहान मोटरींवर ताण येतो. त्या यंत्रासाठी न बनविलेली जड काचही तोच अपाय करते. बोटांचे ठसे आणि फवाऱ्याचे थेंब मऊ स्वच्छ कापडाने पुसावेत. उपरण्याच्या टोकाने पुसल्यास धुळीचे चरे पडतात. प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीत दिनांक, वेळ, प्लॉट, उंची आणि शटर यांबरोबर काचेचा आकडाही लिहावा. पुढील हंगामात तुलना करावयाची झाल्यास हीच नोंद उपयोगी पडते. उड्डाणक्षेत्र आणि उंचीसंबंधीचे नियम तर पाळावयाचेच.

प्रशिक्षणात उजेडाला स्थान हवे

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. उणीव काचेची नाही, समजुतीची आहे. ड्रोन चालविण्याचे शिक्षण घेताना यंत्र उचलणे, वळविणे, उतरविणे आणि नियम पाळणे यांवर भर असतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या कामासाठी यंत्र हवेत गेले, त्या चित्राविषयी दोन तासही दिले गेले नाहीत तर उड्डाण निर्दोष आणि फळ निरुपयोगी, अशी स्थिती होते. चित्रणासाठी ड्रोन हाती घेणाऱ्या प्रत्येकास छिद्र, शटर आणि चौकटी यांचा मेळ एका दुपारी शेतावर प्रत्यक्ष दाखवावा. एकच प्लॉट काचेविना, काचेसह, वेगाने आणि सावकाश असा चार वेळा चित्रित करावा आणि त्याच सायंकाळी चारही फिती पडद्यावर लावाव्यात. व्याख्यानाहून हे प्रात्यक्षिक अधिक काळ स्मरणात राहील.

मोबाइलच्या लहान पडद्यावर हा फरक कोणास कळतो, असा आक्षेप घेतला जाईल. लहान पडद्यावर थरथर कमी जाणवते हे खरे. परंतु तीच फीत सभेत मोठ्या पडद्यावर लावली जाते, वर्षभराने पुन्हा काढली जाते आणि कधीकधी पुरावा म्हणून पुढे केली जाते. बियाणे पेरताना ते फक्त पाखरांसाठी आहे असे कोणी मानीत नाही. चित्रफीतही पुढील उपयोग ध्यानी धरूनच घ्यावी.

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे. काच चढविली, वेग साधला आणि चित्र लोण्यासारखे वाहू लागले की ते सुंदर दिसते. सौंदर्याच्या मोहात प्लॉटमधील विरळ पट्टे, तणाचे कोपरे आणि पाणी साचलेली खोलगट जागा टाळली जाते. अशी फीत प्रचार करील, शिक्षण करणार नाही. शेतकरी स्वतःच्या रानातील दोष जाणतो. पडद्यावर निर्दोष रान दिसले की तो मनातल्या मनात अविश्वासाचा शिक्का मारतो. चांगल्या फितीत यशाबरोबर अपयशाचीही एक चौकट असावी.

सबब शेतकरी बंधुभगिनींनी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ड्रोन उचलण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा. हे चित्र पाहावयाचे आहे की मोजावयाचे? पाहावयाचे असेल तर सावली बघून काच चढवावी आणि सावकाश उडावे. मोजावयाचे असेल तर काच पेटीत ठेवावी आणि उन्हाचा पुरता उजेड वापरावा. हा एक प्रश्न नित्य विचारला गेला, तर भर उन्हात घेतलेली फीत समाजमंदिरात शेवटपर्यंत पाहिली जाईल आणि गारपिटीनंतर घेतलेले चित्र शेतकऱ्याच्या बाजूने बोलेल.